जगण्याचा अर्थ आणि मरणाची इच्छा : एका मानसोपचाराचा इतिहास

१/
डिसेंबर २००० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यावर असलेल्या ९२ रुग्णांशी संशोधकांनी संवाद साधला होता. त्यांना जे जाणून घ्यायचे होते, ते विचारायला माणसे सहसा धजावत नाहीत : मरण लवकर यावे असे तुम्हांला वाटते का? १७ टक्के रुग्णांमध्ये ही इच्छा तीव्र असल्याचे आढळले.

२/
ज्यांची वेदना सर्वाधिक त्यांनाच मरण हवेसे वाटत असेल, असा आपला सर्वसाधारण अंदाज असतो. प्रत्यक्षात वेदनेच्या तीव्रतेशी या इच्छेचा ठळक संबंध दिसला नाही. (हे पॅलिएटिव्ह रुग्णालय होते, तिथे वेदनाशमनाची सोय चांगली होती, हे ध्यानात ठेवावे. धाग्याच्या शेवटी याकडे परत यायचे आहे.) संबंध दिसला तो नैराश्याशी आणि हताशेशी. या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या होत्या, आणि दोन्हींचा परिणाम स्वतंत्र होता. नैराश्य असलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना मरण लवकर हवे होते, नसलेल्यांपैकी १२ टक्क्यांना.

३/
नैराश्यावर औषधे होती. हताशेवर काय होते? या निबंधाचे प्रमुख लेखक, मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका जुन्या पुस्तकाकडे वळले. पुस्तक १९४६ साली व्हिएन्नात छापलेले होते. त्यातून पुढे जी उपचारपद्धती उभी राहिली तिला 'अर्थकेंद्री मानसोपचार' म्हणता येईल. आजचा धागा तिच्या पूर्वजांविषयी आहे, आणि त्याची सुरुवात १९४६ च्या बरीच आधी करावी लागते.

४/
वर्ष १९२०. पहिले महायुद्ध हरलेला, उपासमारीने गांजलेला जर्मनी. कायदेपंडित कार्ल बिंडिंग आणि मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड होखे यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. 'जगण्यास अपात्र जीवन' असा एक शब्दप्रयोग तिने रूढ केला, आणि असे जीवन संपवण्यास कायद्याने मुभा असावी असा युक्तिवाद केला. कुणाच्या जगण्याला अर्थ उरला आहे आणि कुणाच्या नाही, हे ठरवणारा त्रयस्थ तज्ज्ञ या पुस्तिकेत मोठ्या आत्मविश्वासाने उभा आहे. वीस वर्षांनी नाझी राजवटीने हा युक्तिवाद अंमलात आणला. व्हिएन्नाच्या श्टाइनहोफ मनोरुग्णालयातून १९४०-४१ मध्ये ३,२०० हून अधिक रुग्णांना हलवून हार्टहाइमच्या वायुकोठडीत मारण्यात आले.

५/
याच श्टाइनहोफमध्ये १९३३ ते १९३७ या काळात एक तरुण डॉक्टर आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या स्त्रियांच्या विभागात काम करत होता. त्याचे नाव व्हिक्टर फ्रँकल. आपल्या कथेचा नायक म्हणून बहुतेकजण त्याला ओळखतात ते छळछावणीतला कैदी म्हणून. मराठीतही त्याच्या पुस्तकाचा अनुवाद आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी तारखा पाहाव्यात.

६/
फ्रँकलचा जन्म १९०५ चा. शाळकरी वयातच त्याचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. पुढे तो ॲडलरच्या गटात गेला आणि मतभेदामुळे १९२७ मध्ये तिथून बाहेर काढला गेला. 'लोगोथेरपी' हा शब्द तो १९२६ पासूनच वापरत होता. 'लोगोस' या ग्रीक शब्दाचा त्याने घेतलेला अर्थ म्हणजेच 'अर्थ'. १९२८ पासून त्याने व्हिएन्नात तरुणांसाठी विनामूल्य सल्लाकेंद्रे चालवली. १९३३ साली, जागतिक मंदीच्या ऐन भरात, त्याने बेकार तरुणांच्या खिन्नतेवर एक लेख लिहिला. त्यात त्याचे निरीक्षण असे : नोकरी नाही म्हणजे आपण निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे जगणे निरर्थक, अशी एक चुकीची साखळी ही मुले मनात जुळवतात. ग्रंथालयात, युवक संघटनेत बिनपगारी काम करू लागलेल्या काहींची खिन्नता पोट रिकामे असतानाही ओसरली, असे त्याने नोंदवले.

७/
तात्पर्य, या विचाराचा उगम ऑशविट्झमध्ये झालेला नाही. त्याची जडणघडण एका सामान्य शहरातल्या दवाखान्यांत, बेकारांच्या आणि आत्महत्येच्या काठावरून परतलेल्यांच्या सहवासात झाली. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. विचार छावणीत जन्मला असे मानले की तो वीरांसाठी राखीव होतो, आणि दवाखान्यातला माणूस सहसा वीर नसतो.

८/
फ्रँकलच्या मांडणीत अर्थाकडे जाणारे तीन मार्ग आहेत. काही निर्माण करणे, म्हणजे काम, कृती, कला. काही अनुभवणे, म्हणजे प्रेम, निसर्ग, संगीत. आणि जे बदलता येत नाही त्याच्याकडे पाहण्याची भूमिका ठरवणे. हे विधान कोरडे वाटते, पण त्याने आपल्या ग्रंथात दिलेले एका रुग्णाचे उदाहरण वाचले की ते हाडामांसाचे होते.

९/
जाहिरातींची चित्रे काढणारा एक तरुण. पाठीच्या कण्यात शस्त्रक्रिया न करता येणारी गाठ. हातपाय लुळे पडल्याने व्यवसाय सुटला, पहिला मार्ग बंद झाला. मग तो पुस्तके वाचू लागला, रेडिओवर संगीत ऐकू लागला, शेजारच्या खाटांवरील रुग्णांशी गप्पा मारू लागला. काही काळाने पुस्तक हातात धरवेना, कानाला लावलेल्या यंत्राचा स्पर्शही सोसेना, बोलणे जड झाले. दुसरा मार्गही बंद झाला. अखेरच्या दिवशी फ्रँकल तिथे रात्रपाळीला होता. दुपारच्या फेरीत त्या तरुणाने त्याला खुणेने जवळ बोलावले. अखेरच्या तासांतील यातना कमी करण्यासाठी रात्री आपल्याला मॉर्फिनचे इंजेक्शन द्यायचे ठरले आहे, हे त्याने सकाळी ऐकले होते. आजची रात्र शेवटची हे त्याला कळले होते. त्याची विनंती एवढीच, की इंजेक्शन आताच द्यावे, म्हणजे रात्री परिचारिकेला डॉक्टरची झोपमोड करावी लागणार नाही.

१०/
या प्रसंगात एकही उदात्त वाक्य नाही. माणूस मरताना दुसऱ्याच्या झोपेचा विचार करतो, इतकेच. 'भूमिका ठरवणे' याचा अर्थ फ्रँकलला असा साधा अभिप्रेत होता. संपूर्ण लोगोथेरपीत मला हे सर्वांत पटणारे पान वाटते.

११/
छावणीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वज्ञात आहे. फ्रँकलला अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. वृद्ध आईवडिलांना मागे सोडून जाणे नको म्हणून त्याने तो वापरला नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये पत्नी टिली व आईवडिलांसह त्याची रवानगी तेरेझीनश्टाट येथे झाली. वडील तिथेच वारले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ, तिथून बव्हेरियातील काउफेरिंग आणि ट्युर्कहाइम या छावण्या. २७ एप्रिल १९४५ रोजी सुटका. आई, भाऊ आणि पत्नी यांपैकी कुणीही वाचले नव्हते. कोटात दडवलेले पहिल्या ग्रंथाचे हस्तलिखित ऑशविट्झमध्ये हिरावले गेले होते. ते त्याने पुन्हा लिहिले. छावणीच्या आठवणींचे छोटे पुस्तक त्याने नऊ दिवसांत सांगून लिहवून घेतले. दोन्ही १९४६ साली प्रसिद्ध झाली.

१२/
आता साधनचिकित्सा. त्या आठवणी वाचताना फ्रँकल दीर्घकाळ ऑशविट्झमध्ये होता असा सहज समज होतो. वास्तविक तिथला त्याचा मुक्काम अवघ्या काही दिवसांचा होता. छावणीतले अधिक महिने तेरेझीनश्टाटमध्ये आणि बव्हेरियात गेले. होलोकॉस्टच्या साहित्याचे अभ्यासक लॉरेन्स लँगर यांनी त्याच्यावर कठोर टीका केली आहे : ज्या घटनेत लाखो माणसे कोणत्याही भूमिकेची संधी न मिळता मारली गेली, तिच्यावर फ्रँकल अर्थाचे आवरण घालतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जो वाचला त्याने मनोबळामुळे वाचलो असे सुचवले, की जे मेले त्यांच्यात ते नव्हते असा ध्वनी आपोआप उमटतो.

१३/
फ्रँकलला न्याय द्यायचा तर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दुःखातूनच अर्थ मिळतो असे त्याने म्हटलेले नाही. टाळता येणारे दुःख असेल तर त्याचे कारण दूर करणे हीच अर्थपूर्ण गोष्ट, असे तो बजावतो. अर्थाचा तिसरा मार्ग केवळ अटळ दुःखासाठी आहे. प्रेरणादायी भाषणांतून ही अट हमखास गळते.

१४/
फ्रँकल व्हिएन्नात पुस्तक लिहीत होता त्याच सुमारास, त्याच उद्ध्वस्त ज्यू जगातला आणखी एकजण लंडनमध्ये मरणाच्या वाटेवर होता. डेव्हिड तास्मा, वॉर्सातून आलेला पोलिश ज्यू निर्वासित, व्यवसायाने वेटर, वय ४०, आजार कर्करोग. त्याला भेटायला येत असे रुग्णालयातील एक समाजसेविका, सिसिली सॉन्डर्स. तास्माला वेदना होतीच. पण आपण जगलो याची कुठे खूणसुद्धा उरणार नाही, ही बोच त्याहून खोल होती. अशा रुग्णांसाठी वेगळे घर कसे असावे याविषयी दोघे बोलत असत. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो वारला. त्याने आपल्याजवळचे ५०० पौंड सॉन्डर्सच्या नावे ठेवले होते. तिच्या त्या घरातली एक खिडकी आपण व्हावे, अशी त्याची इच्छा होती.

१५/
घर उभे राहायला १९ वर्षे लागली. सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका. मरणाऱ्यांसाठी काही करायचे तर डॉक्टरच व्हावे लागेल हे ध्यानात आल्यावर त्या १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. तास्माच्या पैशांची खिडकी तिथे आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभ इथून धरतात.

१६/
आपल्या विषयासाठी सॉन्डर्स यांचे दोन निर्णय मोलाचे. एक, मॉर्फिन वेदना उसळल्यावर न देता ठरावीक वेळाने, वेदना परतण्याआधीच देणे. दुसरा, 'समग्र वेदना' ही संकल्पना : शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चौपदरी वेदना. यांतला क्रम महत्त्वाचा. सॉन्डर्स यांनी आधी शरीराची वेदना ताब्यात आणली. गुरासारखे ओरडणाऱ्या माणसाशी जगण्याच्या अर्थाची चर्चा करणे म्हणजे क्रौर्य होय, हे त्यांना वॉर्डात काम करून कळले होते.

१७/
याच सुमारास अटलांटिकपलीकडे एक वेगळा प्रवाह वाहत होता. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डमध्ये मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या स्त्रियांचे गट जमवले. मृत्यूविषयी उघड बोलल्याने रुग्ण खचतात, हा समज या गटांनी खोटा ठरवला. एकीच्या निधनानंतर उरलेल्या जमत, रडत, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येत. यालोम यांचे सहकारी डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली लॅन्सेटमध्ये या ८६ स्त्रियांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष दिले, आणि वैद्यकविश्वात खळबळ उडाली. गटात सहभागी झालेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या, न झालेल्या १८.९ महिने.

१८/
बोलण्याने आयुष्य दुप्पट! वर्तमानपत्रांना याहून काय हवे? परंतु २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग झाला तेव्हा आयुर्मानात फरक दिसला नाही. स्वतः स्पीगल यांनी १२५ स्त्रियांसह तो पुन्हा केला आणि २००७ मध्ये प्रांजळपणे सांगितले की एकूण आयुर्मान वाढलेले नाही. कॅनडातील स्त्रियांची मनःस्थिती मात्र सुधारली होती, वेदनेची जाणीवही कमी झाली होती. म्हणजे उपचार अपयशी ठरला नव्हता. त्याच्याकडून चुकीची अपेक्षा केली गेली होती.

१९/
ही अपेक्षा निरुपद्रवी नसते. मन खंबीर असेल तर कर्करोग हरतो, असे म्हटले की ज्याचा आजार बळावला त्याचे मन कच्चे ठरते. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांना १९७५ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. १९७८ मध्ये त्यांनी यावर एक छोटे, धारदार पुस्तक लिहिले. कर्करोग हा दबलेल्या भावनांचा, पराभूत स्वभावाचा आजार आहे, या त्या काळच्या लोकप्रिय समजुतीवर त्यांनी घाव घातला. रोगाला अर्थ चिकटवला की शिक्षा रोग्याला होते, हा त्यांचा मुद्दा.

२०/
मराठी वाचकाला हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. 'भोग', 'प्रारब्ध', 'कुणाचे तरी तळतळाट' ही आजाराचा अर्थ सांगणारी आपलीच शब्दसंपत्ती आहे. समाचाराला आलेले लोक ती खाटेशेजारी बसून सढळ हाताने वापरतात. तेव्हा सोंटॅग यांचा प्रश्न अर्थकेंद्री उपचारालाही विचारायला हवा : तुम्ही रुग्णाकडून आजाराचा अर्थ काढून घेणार आहात का?

२१/
याचे उत्तर ब्राइटबार्ट यांच्या पद्धतीत मिळते, आणि ते 'नाही' असे आहे. आजार का झाला, त्याने काय शिकवले, हा तिचा विषयच नाही. आयुष्याला ज्या गोष्टींमुळे अर्थ होता त्या आजारपणातही कुठे शिल्लक आहेत, हा तिचा विषय आहे. आजाराचा अर्थ आणि आयुष्याचा अर्थ या दोहोंतली ही रेघ पुसली गेली की सगळा उपचार उपदेश होऊन बसतो.

२२/
विल्यम ब्राइटबार्ट यांचे आईवडील पोलंडमधले ज्यू, होलोकॉस्टमधून जंगलात लपून वाचलेले. म्हणजे फ्रँकल, तास्मा आणि हे कुटुंब, तिन्ही धागे एकाच होरपळलेल्या मुलखातून येतात. ब्राइटबार्ट न्यूयॉर्कमध्ये वाढले. त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, आई सकाळी न्याहारीच्या वेळी विचारत असे की मी इथे का आहे? इतके सारे मेले आणि आपण का उरलो, हा प्रश्न त्या घरात रोज जेवणाच्या टेबलावर असे. १९८४ मध्ये ते मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात आले. तिथे जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून मनोविकार विभाग उभारला होता. 'सायको-ऑन्कोलॉजी' ही शाखा मुख्यत्वे त्यांच्यामुळे नावारूपाला आली. आरंभीच्या वर्षांत ब्राइटबार्ट यांनी एड्सचे रुग्णही पाहिले. उपाय नसलेल्या आजाराने तरुण माणसे मरत होती, आणि काहीजण डॉक्टरांकडे मरणच मागत होते.

२३/
तो काळ अमेरिकेत या विषयावरील वादळाचा होता. ऑरेगन राज्याने १९९४ मध्ये मतदानाने असाध्य रुग्णांना डॉक्टरांच्या मदतीने मरण पत्करण्याचा कायदा मंजूर केला, आणि १९९७ मध्ये तो लागू झाला. इथे ४/ मधल्या पुस्तिकेशी थेट नाते जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. स्वतःच्या मरणाचा निर्णय रुग्णाने घेणे आणि राज्यसंस्थेने दुसऱ्याचे जगणे निरर्थक ठरवणे या नैतिकदृष्ट्या भिन्न गोष्टी आहेत. पण ब्राइटबार्ट यांना पडलेला प्रश्न कायद्याच्या आधीचा होता : मरण मागणारा माणूस नेमके काय मागतो आहे? धाग्याच्या आरंभीचा शोधनिबंध याच प्रश्नातून आला. त्यांच्या गटाने २००३ मध्ये १६० रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आध्यात्मिक स्वास्थ्य होते त्यांच्यात हताशा आणि मरणाची इच्छा कमी आढळली. त्याआधीच्या एका अभ्यासात त्यांना दिसले होते की नैराश्याला आवर घालण्यात धार्मिकतेपेक्षा जगण्याला अर्थ असल्याची जाणीव अधिक उपयोगी पडते.

२४/
मग त्यांनी फ्रँकलचे तत्त्वज्ञान भेटींच्या आराखड्यात बसवले. ८ ते १० रुग्णांचा गट, आठवड्यातून एकदा दीड तास, एकूण ८ भेटी. रुग्णाच्या हाती फ्रँकलचे पुस्तकही देत. पहिल्या भेटीत ओळख आणि एक साधे काम : आयुष्य विशेष अर्थपूर्ण वाटले असे दोनएक क्षण सांगा. दुसऱ्या भेटीत 'मी कोण?' या प्रश्नाची चार उत्तरे लिहायची, आणि कर्करोगाने त्यांतले काय बदलले ते पाहायचे. ऐकायला शाळेच्या निबंधाचा विषय वाटतो. पण महिनोन्‌महिने 'खाट क्रमांक अमुक' आणि 'यकृतातली गाठ' म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने 'मी शिक्षिका', 'मी थोरली बहीण', 'मी हट्टी' असे लिहिणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

२५/
तिसरी आणि चौथी भेट मला, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून, सर्वांत रोचक वाटते. फ्रँकलच्या तीन मार्गांत ब्राइटबार्ट यांनी चौथा स्रोत जोडला : इतिहास. आपल्याला वारशाने काय मिळाले, आपण कोणता वारसा जगतो आहोत, मागे काय ठेवून जाणार आहोत. वारसा म्हणजे इस्टेट नव्हे. नाव कुणी ठेवले, घरात कोणत्या गोष्टी सांगत, कोणत्या जखमा पिढ्यांमधून उतरल्या, हेही त्यात येते. आपला वारसा आपण निवडत नाही, त्याचे काय करायचे ते काहीसे आपल्या हाती असते. रुग्णाला घरी जाऊन आप्तांना आपली गोष्ट सांगायला सुचवतात. मौखिक इतिहासाच्या तासाला आम्ही जे शिकतो त्याच्याशी याचे साम्य पाहून मी चकित झालो होतो.

२६/
पुढच्या भेटींत मर्यादा (यात चांगले मरण कसे असावे हेही रुग्ण बोलतात), सर्जन व जबाबदारी, प्रेम, निसर्ग आणि विनोद. होय, विनोदही. फ्रँकलच्या छावणीच्या आठवणींतही तो आहे. शेवटच्या भेटीत निरोप.

२७/
आराखडा नीटनेटका होता, रुग्णांची परिस्थिती तशी नव्हती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत ९० रुग्ण सहभागी होते. आठ आठवडे पूर्ण केले फक्त ५५ जणांनी. बाकीच्यांतले अनेक आजार बळावल्याने किंवा मृत्यूने गळाले. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी खोलीत हजर राहणे ही निरोगी माणसाची चैन आहे. म्हणून एकेका रुग्णासाठी ७ भेटींचा प्रकार तयार झाला. तो केमोथेरपी चालू असताना खुर्चीशेजारी बसून, खाटेपाशी, वेळ पुढेमागे करून देता येतो.

२८/
निष्कर्षांबाबत मी मुद्दाम सावध लिहितो, कारण १८/ मधला धडा ताजा आहे. २०१५ मध्ये २५३ रुग्णांच्या चाचणीत अर्थकेंद्री गटातील रुग्णांची हताशा, नैराश्य आणि लवकर मरणाची इच्छा नेहमीच्या आधारगटातील रुग्णांपेक्षा अधिक कमी झाली. २०१८ मध्ये ३२१ रुग्णांच्या चाचणीत एकेकट्याचा उपचार नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरला. पण आपुलकीने ऐकून घेणाऱ्या साध्या सहायक मानसोपचाराशी तुलना केली असता फरक लहान निघाला. आयुष्य वाढते असा दावा कुठेच नाही. चांगल्या ऐकणाऱ्याचे काम किती मोठे असते हेही या आकड्यांत दडलेले आहे, असे माझे मत.

२९/
याच काळात कॅनडातील विनिपेगमध्ये हार्वी चोचिनोव यांनी आणखी छोटा उपचार घडवला : प्रतिष्ठा-उपचार. रुग्णाशी त्याच्या आयुष्याविषयी बोलायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे, लिहून काढायचे, संपादित करून त्याला वाचून दाखवायचे आणि ती वही त्याच्या हाती द्यायची. २००५ च्या पहिल्या अभ्यासातील १०० रुग्णांपैकी ९१ टक्के समाधानी होते. २०११ च्या मोठ्या चाचणीत मनस्तापाच्या मोजपट्टीवर फरक दिसला नाही, तरी रुग्णांनी मात्र उपयोग झाल्याचे आवर्जून सांगितले. तास्माला अशी वही मिळाली असती तर, असा विचार मनात येऊन जातो. त्याला खिडकी मिळाली.

३०/
आता आपल्याकडे. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. केरळमध्ये १९९३ मध्ये कालिकतला सुरू झालेल्या कामातून पॅलिएटिव्ह सेवेची मोठी चळवळ उभी राहिली. पण १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे जाळे विणले की अफू पिकवणाऱ्या या देशातच कर्करोगाच्या रुग्णाला वेदनाशामक मिळणे दुर्मीळ झाले. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, नियम सैल झाले, तरी खेड्यापाड्यांपर्यंत औषध पोहोचण्याचा प्रश्न सुटलेला नाही. २/ मधला कंस आठवा. वेदनेच्या तीव्रतेशी मरणाच्या इच्छेचा संबंध दिसला नाही तो वेदना बऱ्यापैकी आवाक्यात असलेल्या रुग्णालयात. तोच निष्कर्ष मॉर्फिन न मिळणाऱ्या तालुक्याला लावता येणार नाही.

३१/
दुसरी अडचण घरातली. 'त्यांना सांगू नका, खचतील,' असे डॉक्टरला बाजूला घेऊन सांगणारा मुलगा किंवा जावई आपल्या सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याचा हेतू प्रेमाचाच असतो. रिपोर्टची फाइल कपाटात वरच्या खणात जाते, पाहुण्यांना तंबी दिली जाते, 'साधी गाठ आहे' असे ठरते. बहुतेक वेळा रुग्णाला सारे कळलेले असते, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही न कळल्यासारखे करतो. दोन्ही बाजूंनी इतका जिव्हाळा, आणि मधे एकही खरे वाक्य नाही.

३२/
ब्राइटबार्ट यांच्या आराखड्यातली दुसरी भेट, 'आजाराआधी मी कोण होतो आणि आता कोण आहे', अशा घरात घ्यायची तर आजाराचे नाव आधी कुणीतरी उच्चारावे लागेल. मॅनहॅटनमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे निदान रुग्णालाच सांगतात. आपल्याकडे मात्र पहिल्या भेटीच्याही आधी एक भेट लागेल, आणि त्या भेटीला रुग्णासोबत मुलगा, सून, लेक, जावई सगळ्यांना बसवावे लागेल.